झाकणावरचं पाणी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या कितीतरी वाड्यांसारखी आमचीही वाडी आडवी झाली. लॉकडाउनमुळे मी मुंबईहून गावी आलेलो. वीज नाही, फोनला रेंज नाही, अर्ध्या घरावरची कौलं गेलेली. बाबा सकाळी उठून वाडीत जायचे, मोडलेल्या पोफळी मोजायचे आणि काही न बोलता परत यायचे. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात. बाबा तेव्हा एकसष्टचे. हा हिशेब घरात कुणी मोठ्याने केला नाही.

खुराड्यावर फणसाची फांदी पडून एका कोंबडीचा पाय मोडला होता. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "हिला आता ठेवून उपयोग नाही."

मागच्या पडवीत चूल मांडली. लाकडं भिजलेली, म्हणून आत ठेवलेली सोडणं आणि करवंट्या जाळल्या. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ तेवढी कोरडी राहिली होती. आईने त्यातले सात-आठ कांदे मला बारीक चिरायला लावले. तेलात ते मऊ, गुलाबी होईपर्यंत परतले, मग हळद, मीठ, आलं-लसूण लावलेली कोंबडी त्यात घातली.

"पाणी घालू?" मी विचारलं.

"आत नाही, वर," ती म्हणाली.

टोपावर खोलगट ताट ठेवून तिने त्यात पाणी ओतलं. ताट गार राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत मटणावर, कोंबडीवर पडते. कांद्याला पाणी सुटतं, कोंबडीला सुटतं, त्यातच सगळं शिजतं. खाली लागायला आलंच तर ताटातलंच गरम पाणी थोडं आत घालायचं. गावठी कोंबडी, त्यात विस्तव मंद. दीड तास तरी गेला. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही दोघं टोपाकडे बघत बसलो.

मिक्सर बंद, म्हणून वाटणाला पाटा काढला. नारळांची कमी नव्हती. वादळाने अंगणभर पाडले होते. मी एक उचलून फोडायला घेतला, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, आतल्या पाण्याचा आवाज ऐकला.

"हा नको. चांगला तयार आहे. रुजायला ठेव."

मग ते ढिगाजवळ बसले. एकेक नारळ हलवून बघत त्यांनी अकरा बाजूला काढले आणि उरलेल्यांतला एक माझ्याकडे सरकवला. चार दिवसांत ते पहिल्यांदाच इतकं बोलले होते.

कंदिलाच्या उजेडात तांदळाच्या भाकरीबरोबर जेवलो. कांदा पार विरघळून कोंबडीला लपेटून बसला होता. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आई काही बोलली नाही, फक्त टोप त्यांच्याकडे सरकवला.

अकरांपैकी सात रुजले. नारळ धरायला अजून वेळ आहे.

मुंबईत माझ्याकडे कुकर आहे. तीन शिट्ट्यांत चिकन होतं. पण फार एकटं वाटलं की टोप काढतो, भरपूर कांदा चिरतो आणि झाकणावर पाणी ठेवतो. घरी फोन लावला की बाबा आधी झाडांचं सांगतात.