डिलीट झालं? थांब, हात लावू नकोस!

चाकणच्या कुठल्याही मोठ्या कंपनीतून साधा पाना बाहेर काढायचा म्हटला तरी गेटपास लागतो. सिक्युरिटीवाले काका नंबर लिहितात, वेळ लिहितात, सही घेतात. कटकट वाटते खरी, पण वस्तू सापडेनाशी झाली की सगळे पहिले धावतात ते त्याच रजिस्टरकडे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडेही असं एक रजिस्टर असतं. फक्त ते आहे, हे निम्म्या लोकांना संकट आल्याशिवाय कळत नाही!

भोसरीतल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात आम्ही असेंब्ली लाइनसाठी प्रोग्रॅम लिहितो. कुठल्या गाडीला कुठला पार्ट बसला, बारकोड स्कॅन झाला की नाही, असला हिशेब. मध्यंतरी आमचा एक ज्युनिअर चाकणला साइटवर होता. सोमवारी लाइन सुरू व्हायची आणि शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन. "ताई, गेलं सगळं. ब्रँच उडाली. तीन आठवड्यांचं काम, सर्व्हरवर टाकलंच नव्हतं." प्रोबेशन संपायला दहा दिवस. आवाज तर असा, की आता रडेल का मग.

"फोल्डर उडवून परत क्लोन मारू का?"

"अजिबात नाही! लॅपटॉप बंद कर, चहा घे. मी निघाले."

नव्याने क्लोन केलं की सर्व्हरवर असेल तेवढंच खाली येतं. रजिस्टर असतं ते त्याच्याच मशीनवर, त्याच फोल्डरच्या पोटात. घाबरलेला माणूस नेमकं तेच पुसतो.

मोशीच्या ट्रॅफिकमध्ये मला 'टॉय स्टोरी २' आठवला. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये कुणीतरी एक कमांड मारली आणि तयार होत असलेल्या त्या पिक्चरच्या फायली भराभर गायब व्हायला लागल्या. बॅकअपही धड निघाला नाही. वाचवलं कुणी? बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गेलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरल्या कॉपीनं. आमच्याकडे तशी कॉपी नव्हती, पण गिट होतं.

लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिहिलेलं हे गिट भलतंच चिवट आहे. ब्रँच डिलीट केली तरी कमिट्स लगेच मरत नाहीत, त्यांच्यावरची पाटी तेवढी निघते. तुम्ही कुठून कुठे गेलात याची नोंद 'रीफ्लॉग'मध्ये राहते. हेच ते रजिस्टर! एरवी ९० दिवस, आणि कुठल्याच ब्रँचला न लागणाऱ्या नोंदी ३० दिवस. आम्ही ते उघडलं, शेवटच्या कमिटचा नंबर शोधला, त्यावर नवी ब्रँच काढली. दोन मिनिटांत तीन आठवडे परत! पोरानं इतका मोठा श्वास सोडला, की शेजारचा ऑपरेटर वळून बघायला लागला.

पण गोष्ट इथे संपली नाही. घाबरून त्यानं मघाशी 'रिसेट हार्ड'ही मारलं होतं. त्या दिवशीच्या तीन फायलींचं कमिट नव्हतंच. त्यातल्या दोन त्यानं दुपारी 'अ‍ॅड' केल्या होत्या. अ‍ॅड करताक्षणी गिट मजकुराची एक प्रत आत ठेवून घेतं, त्यामुळे 'एफएससीके' कमांडला लॉस्ट-फाउंड जोडून त्या निघाल्या. निनावी, लांबलचक नंबरांच्या. एकेक उघडून आपली कुठली ते ओळखायचं. एसटी स्टँडवर हरवलेल्या बॅगा धुंडाळाव्यात तसं.

तिसरी फाइल अ‍ॅडही केलेली नव्हती. म्हणजे गेटवर नोंदच नाही. ती गेली ती गेलीच. स्कॅनरचं पार्ट रिजेक्ट करण्याचं लॉजिक नेमकं त्यात होतं, आणि त्याच्याशिवाय सोमवारी लाइन हलणार नव्हती.

"आठवतंय का?" मी विचारलं.

"थोडं थोडं, ताई."

कँटीनमधून वडापाव आणले. तो आठवून बोलत गेला, मी टाइप करत गेले. रात्री दीडला टेस्ट पास झाली. जुन्यात जिथे सत्तर ओळी होत्या तिथे आता चाळीसच लागल्या, असं तोच म्हणाला. मग कमिट केलं, त्याचा मोबाइल हॉटस्पॉट लावून सर्व्हरवर ढकललं, आणि टक्के शंभरवर पोहोचेपर्यंत दोघांपैकी कुणीही खुर्चीतून उठलं नाही.