काळ्या पडद्यामागे

नव्वदच्या दशकातला काँप्युटर चालू केला की काय व्हायचं, आठवतंय? काळ्या स्क्रीनवर पांढरे आकडे भराभरा पळायचे. मशीन आपली मेमरी मोजतंय हे डोळ्यांना दिसायचं. शेवटी एक छोटासा 'बीप' झाला की आपण निश्चिंत. काही बिघडलं असेल तर बीप वेगळे वाजायचे, आणि जाणकार माणूस ते ऐकूनच सांगायचा, रॅम नीट बसली नाहीये.

आता ती मोजणी दिसत नाही. शिवाय मेमरीचं एक भलतंच मोठं काम वाढलंय, आणि ते पूर्ण अंधारात चालतं. हे सगळं लिहायचं कारण माझा भाचा.

वर्षभर शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले, सुटे भाग आणले आणि स्वतः जोडले. दाजींना हे पटलेलं नव्हतं. "तयार घे, काही झालं तर दुकानदार बघेल," हा त्यांचा मुद्दा, आणि तोही काही चुकीचा नाही. मागच्या रविवारी भाच्याचा फोन आला, आवाज अगदी रडवेला. "मामा, पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पण स्क्रीनवर काहीच नाही. मध्येच आपोआप बंद होतो, परत चालू होतो. बाबा म्हणतायत उद्याच सगळं परत करून टाक."

"बोर्डावर कुठला दिवा लागलाय?"

"रॅमचा, पिवळा."

"किती वेळ थांबलास?"

"एक मिनिट. मग बंद केला. असं तीनदा."

म्हटलं, आता पंधरा मिनिटं बटणाला हात लावू नकोस.

त्याच्या मशीनमध्ये डीडीआर५ मेमरी आहे. तिचं मानक जुलै २०२० मध्ये जाहीर झालं. ४८०० या साध्या वेगालाही तिच्या एकेका तारेवरून सेकंदाला ४८० कोटी बिट जातात. एका बिटच्या वाट्याला इतका कमी वेळ येतो की तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो! त्यातून प्रत्येक बोर्ड आणि प्रत्येक चिप थोडी थोडी वेगळी. म्हणून पहिल्यांदा चालू झाल्यावर प्रोसेसर माहितीतलेच आकडे मेमरीला पाठवतो, परत वाचतो, वेळ किंचित सरकवतो, पुन्हा वाचतो. बिनचूक वाचता येईल अशी जागा सापडेपर्यंत हेच चालतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. मैफलीआधी तानपुरे लावतात ना, तसंच. काही बोर्डांवर पहिल्या खेपेला यात कित्येक मिनिटं जातात, आणि मध्येच बंद होऊन चालू होणं हाही त्याचाच भाग असू शकतो. मात्र आपण बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. एकदा जमलं की ती मापं जपून ठेवता येतात आणि पुढच्या वेळी मशीन लवकर उठतं. रॅम बदलली किंवा बायोस अपडेट केला, की पुन्हा हा सोहळा.

नवव्या मिनिटाला फोनवर नुसती आरोळी ऐकू आली.

तुमच्या घरीही कुणी मशीन जोडत असेल तर एवढं लक्षात ठेवा. आधी थांबा. पंधरा-वीस मिनिटांनीही काही दिसलं नाही, तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावलीय ना ते बघा. मग प्रोसेसरजवळची वीजजोडणी बघा. मग एकच रॅम ठेवून, ती बोर्डाच्या पुस्तकात सांगितलेल्या खाचेत बसवून बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने जमलं हे कधीच कळत नाही.

सोमवारी ते भाग परत गेले असते तर पैसे बहुधा मिळालेही असते. पण आपल्या हाताने काही धड होत नाही, ही समजूत मात्र त्या पोराच्या मनात कायमची बसली असती. ती कुठल्या दुकानात परत करणार?