खांबाला आलेला बाक



इमारतीचा अभंग निरूपणाला घेतला की श्रोते दोन ठिकाणी हमखास डोलतात. पाया माउलींचा म्हटले की एकदा, आणि कळस तुकोबारायांचा म्हटले की दुसऱ्यांदा. मधे नाथमहाराजांचा खांब येतो. तिथे टाळकरीसुद्धा जरा दम घेतात, कारण पुढे कळसाची चाल उचलायची असते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी या अभंगावर कीर्तने केली. आता आवाज बसला, सप्ताहाची निमंत्रणे पुतण्याकडे वळवली. आणि या वयात, खांब म्हणजे काय सोसणे असते ते मला डोळ्यांनी दिसले सातासमुद्रापलीकडे, इंग्लंडातल्या सॉल्झबरी गावच्या कथीड्रलमध्ये. तेच तुम्हांला सांगायला बसलो आहे.

आधी शब्द समजून घेऊ. कथीड्रल म्हणजे नुसते मोठे चर्च नव्हे. मूळ ग्रीक शब्द कथेद्रा, त्याचा अर्थ आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कथीड्रल. आपण पीठ म्हणतो ना, अगदी तोच भाव. जुन्या गोव्यात पाहा, लोक ज्याच्यासाठी गर्दी करतात ते बॉम जेझू हे कथीड्रल नाही. समोरचे से हे कथीड्रल. पुढून पाहिले तर एकाच बाजूला बुरूज. दुसरा १७७६ साली कोसळला, तो पुन्हा उभारलाच नाही. कीर्तनाच्या निमित्ताने गोव्यात गेलो तेव्हा ते पाहिले होते. वास्तू भव्य, यात शंका नाही. पण माझे मन तिथे रमले नाही. सोळाव्या शतकात त्या मातीवरची देवळे पाडली गेली. मंगेशाला कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळला न्यावे लागले. हे ठाऊक असलेल्या माणसाने तिथे नुसती कमानींची उंची मोजावी, हे मला साधले नाही. राग धरून फिरलो असेही नाही. हात जोडले आणि बाहेर आलो.

सॉल्झबरीला मात्र मन मोकळे होते. थोरली लेक साउथॅम्प्टनला असते. तिथून आगगाडीने अर्ध्यापाऊण तासाचा रस्ता. जावईबापूंनी रजा काढली होती. दारात एक अडचण उभी राहिली. आपण देवापुढे डोके झाकतो आणि पादत्राणे काढतो. तिकडे पुरुष टोपी काढतात आणि बूट घालूनच आत जातात. माझ्या डोक्याला फेटा. लेक म्हणाली, "अण्णा, फेटा राहू द्या, कुणी काही म्हणणार नाही." मी फेटा काढून काखेत घेतला, त्यांचा मान म्हणून, आणि बूटही काढले, माझा नेम म्हणून. लोकरी मोज्यांतूनही फरशीची थंडी टाळूपर्यंत गेली, पण समाधान झाले. आत फरशीतच जुन्या लोकांची थडगी आहेत आणि माणसे त्यांवरून चालतात. मला आधी पाऊल टाकवेना. मग महाद्वारातली नामदेव पायरी आठवली आणि पुढे गेलो.

हे कथीड्रलही मूळ जागेवरचे नव्हे, बरं का. आधीचे होते जवळच्या टेकडीवर, किल्ल्याच्या आत. त्या जागेला ओल्ड सेरम म्हणतात. तिथे वाऱ्याचा मारा, पाण्याची टंचाई आणि किल्ल्यातल्या शिपायांशी रोजची कटकट. रिचर्ड पुअर नावाच्या बिशपने निर्णय घेतला आणि खाली नदीकाठच्या सखल कुरणात नवे बांधकाम काढले. १२२० साली पायाचे दगड बसले आणि १२५८ मध्ये मुख्य इमारतीचे अर्पण झाले. अवघी ३८ वर्षे. त्या काळी अशा इमारतींना पिढ्यानुपिढ्या लागत. म्हणून ही सगळी एका हातची, एका ढंगाची वाटते. आपल्या हिशेबाने सांगायचे तर माउलींच्या जन्माआधी सतरा वर्षे ती उभी होती.

आता पायाचे ऐका. एवढ्या प्रचंड वास्तूचा पाया आहे सुमारे चार फूट खोल! खाली नदीने आणून टाकलेल्या वाळूगोट्यांचा ओला थर आहे, त्यावर सगळा डोलारा. मधल्या दालनाचे छतच ८४ फूट उंच. फरशीत एक छोटे झाकण आहे. ते उचलून आत काठी सोडतात आणि पाणी किती वर आहे ते पाहतात. पाण्याची पातळी फार बदलू नये, एवढीच काळजी. विहिरीला पाणी किती म्हणून आपण दोर सोडतो, तसे देवघरातल्या फरशीखाली हे लोक पाहतात. ज्या वृद्ध स्वयंसेवकांनी आम्हांला हे सांगितले ते माझ्याच वयाचे असावेत. लेक दुभाषी झाली होती. मी त्यांना म्हटले, आमचा विठोबाही नदीकाठीच उभा आहे. ते हसले आणि कोणती नदी म्हणून विचारले. चंद्रभागा हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला.

तर चार फुटांचा पाया. त्यावर पहिल्यांदा होता तो बेताचा, बुटका मनोरा. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे नामदेवराय या लोकी असताना, तिकडे कुणाच्या तरी मनात आले की याला उंच करावे. मनोऱ्यावर मजले चढले आणि त्यावर दगडी सुळका. जमिनीपासून टोकापर्यंत १२३ मीटर, ४०४ फूट. आजही इंग्लंडात एवढा उंच चर्चचा सुळका दुसरा नाही. वाढवलेल्या या भागाचे वजन साडेसहा हजार टन सांगतात. सुळक्याच्या पोटात बांधताना उभारलेली लाकडी पराती अजून तशीच ठेवली आहे.

पण माउली, हा कळस पेलायचा कोणी? ज्या चार खांबांवर मधला चौक तोललेला आहे, ते बसवले तेव्हा या कळसाची कुणाला कल्पना नव्हती. त्यांच्या हिशेबात बुटका मनोराच होता. स्वयंसेवकांनी मला चौकात उभे केले आणि खांबाला जवळजवळ गाल लावून वर पाहायला सांगितले. मी पाहिले. खांब वाकलेला आहे. डोळ्यांना चटकन दिसावा इतका बाक आहे त्याला. दगडाचा खांब, धनुष्याच्या काठीसारखा. त्याच्या कडेचे काळसर, गुळगुळीत दगड परबेकचे. संगमरवर म्हणतात त्याला, पण तो असतो गोड्या पाण्यातल्या शंखगोगलगायींचा थरावर थर बसून झालेला. जवळून पाहिले तर त्या चिमुकल्या शंखांच्या गोल खुणा दिसतात. मी त्या खांबाला हात लावून बराच वेळ उभा राहिलो. मान दुखायला लागली, तेव्हा लेकीने खुर्ची आणून दिली.

माझ्या कीर्तनाच्या पाठीमागे सव्वीस वर्षे एक टाळकरी उभे राहिले. शेतकरी माणूस. पेरणी आटोपून यायचे, काढणीच्या आधी परत जायचे. माझा स्वर घसरला की हे आपला स्वर थोडा वर धरायचे, श्रोत्यांना कळूही द्यायचे नाहीत. हार मला, नारळ मला. शेवटी शेवटी त्यांचे गुडघे गेले. तरी बसून टाळ वाजवणे त्यांनी पत्करले नाही, भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. वैकुंठवासी झाले त्याला नऊ वर्षे झाली. त्या परक्या देशात, त्या वाकलेल्या दगडापाशी मला ते आठवले.

त्या लोकांनी खांबांना नुसते वाकू दिले नाही, हेही सांगायला हवे. चौकाच्या बाजूंना मागाहून आधाराच्या कमानी घातल्या. एके ठिकाणी तर कमानीवर उलटी कमान बसवली आहे, कैचीसारखी, दोन्हीकडचा रेटा एकमेकांवर जिरावा म्हणून. १६६८ साली क्रिस्टोफर रेन याने तपासणी केली. लंडनचे आजचे सेंट पॉल कथीड्रल ज्याने रचले तोच हा. सुळका दोन फुटांहून जास्त कलला आहे, हे त्याच्या मापात निघाले. हा कल किती, त्याची खूण चौकाच्या फरशीत केलेली आहे. पाडून टाका, असे कुणी म्हटले नाही. आवळले, टेकू दिले आणि मोजत राहिले. आमच्याच काळात, १९८०च्या दशकात सुरू झालेली मोठी दुरुस्ती ३५ वर्षांहून अधिक चालली. बांधायला लागली जवळपास तेवढीच वर्षे! पाथरवटांचा कारखाना आवारातच आहे. झिजलेला दगड काढायचा, नवा घडवून बसवायचा, हे चालूच.

एक जुने घड्याळही आहे तिथे, १३८६च्या सुमाराचे. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत. तास झाला की घंटा वाजवायची, एवढेच त्याचे काम. मला ते फार आवडले.

संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही थांबलो. गाणारी मंडळी मधोमध वाट सोडून दोन रांगांत समोरासमोर उभी राहिली. दावीद राजाच्या स्तोत्राचा एक चरण या रांगेने म्हणायचा, पुढचा त्या रांगेने. मी जावईबापूंकडे पाहिले. त्यांनाही ते कळले होते. आपले टाळकरी याहून वेगळे कुठे उभे राहतात? फरक आहे तो ठेक्याचा. आपला पखवाज पायाला बसू देत नाही. इथे सूर सोडून दिला की तो छताकडे जातो आणि सावकाश विरतो. गाणारे तो विरेपर्यंत वाट पाहतात. ध्वनिवर्धकाचा कर्णा खांबाखांबाला बांधणाऱ्या आमच्या सप्ताह समित्यांनी एकदा तो थांबा ऐकावा, असे मला मनापासून वाटते. मला भाषा येत नव्हती. नामस्मरण करत बसलो, कुणाचा विक्षेप झाला नाही.

परत आलो तर गावात विठ्ठलमंदिराच्या जीर्णोद्धाराची धामधूम. काळ्या दगडाचा गाभारा, पुढे सागवानी खांबांचा मंडप. तरुण मंडळींच्या मनात गाभाऱ्यावर ५१ फुटी सिमेंटचे शिखर करायचे आहे आणि मंडप पाडून स्लॅब. भाव चांगला आहे, मुले कष्टाळू आहेत. कळसासाठी देणगीदार चार पुढे आले आहेत, पायासाठी मात्र अजून एकही नाही. भूमिपूजनाला दोन शब्द बोला म्हणून ती मुले माझ्याकडे आली. मी म्हटले, बाबांनो, बोलतो. पण आधी गाभाऱ्याच्या भिंतीपाशी एक खड्डा घ्या आणि खाली काय आहे ते मला दाखवा.

दोघा-तिघांना ते रुचले नाही. म्हाताऱ्याने खोडा घातला, असेही कानावर आले. पण खड्डा घेतला. कमरेइतक्या खोलीवर घडीव दगडांचा शेवटचा थर संपला, खाली मुरूम. शेजारगावच्या सुतारांना बोलावून मंडपाचे सगळे बारा खांब तपासले. दहा सरळ. एकाचा तळखडा दोन बोटे खचला आहे. आणि दक्षिणेकडचा दुसरा खांब दीड बोट कलला आहे. ओळंबा सोडला तेव्हा सगळ्यांनी पाहिले. समितीतल्या सर्वांत हूड पोराने खाली वाकून ओळंब्याच्या टोकाशी फरशीवर खिळ्याने खूण केली आणि शेजारी तारीख कोरली. चैत्री एकादशीला पुन्हा ओळंबा सोडायचा, खांब जागचा हलतो आहे का ते पाहायचे, आणि मगच शिखराची बैठक घ्यायची, असे ठरले आहे.