ठोसा लागलाच नव्हता

रेफरीने माझ्यावर आठपर्यंत काऊंट केला, तो मला आजही मान्य नाही. ठोसा लागलाच नव्हता.

मागचं थोडक्यात सांगतो. आम्ही नाशिक रोडच्या जेल रोडचे, वडील नोट प्रेसमध्ये. बॉक्सिंग शिकवायला तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे. शाळेतल्या मारामाऱ्या कमी व्हाव्यात म्हणून मला तिकडे घातलं. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तर ती बाऊट. निवड चाचणी, दुसरा राऊंड. पहिल्या राऊंडनंतर समोरच्याच्या कॉर्नरवाल्यांनी अख्खी बाटली त्याच्या डोक्यावर ओतली होती. कुणीतरी टॉवेल फिरवल्यासारखं केलं, पण कॅनव्हासवर हातभर ओल राहिलीच. मी त्याला नेमका त्याच कोपऱ्यात कोंडला आणि उजवा टाकला. तो खाली बसला, माझा हात हवेत गेला, आणि त्याचा हुक माझ्या खांद्याला घासून गेला. घासून! माझा पुढचा पाय ओलीवरून सटकला आणि एक ग्लोव्ह खाली टेकला. मी उठून गार्ड घेतला, तोवर रेफरीने त्याला न्यूट्रल कॉर्नरला पाठवून मोजायला सुरुवातही केली होती.

नियम पोरासोरांनाही पाठ असतो. ठोसा लागून पायांखेरीज अंगाचा कुठलाही भाग टेकला तर काऊंट. घसरून टेकला तर ग्लोव्ह पुसायचे, बाऊट पुढे चालू. मी पायानेच ओल दाखवली. त्याने बोटं दाखवली. पाच, सहा. ज्याने असा फुकटचा काऊंट खाल्ला नाही, त्याला तो किती लांबतो ते कळायचं नाही. दुखत काहीच नसतं. नुसतं उभं राहून ऐकायचं, मागे त्याची पोरं शिट्ट्या मारताहेत आणि जज आपल्याकडेच बघताहेत. आठ झाल्यावर रेफरीने माझे ग्लोव्ह स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला पुसले, तर पोटावर ओला पट्टा उमटला. त्याने मान खाली घालून तो पाहिला, आणि तरी 'बॉक्स' म्हणाला. जजांची मतं फुटली आणि निकाल माझ्या विरुद्ध गेला. एकमताने हरलो असतो तर इतकं लागलं नसतं.

यावर सर काय म्हणाले? 'टाच कुठं होती?' ओलीबद्दल अवाक्षर नाही. त्यांचं म्हणणं, उजवा टाकताना माझं डोकं पुढच्या गुडघ्याच्या पलीकडे गेलं, मागचा पाय पुढच्याच्या ओळीत आला, मग कोरड्यावरही पडलो असतो. असेल. पण रेफरीने मोजायचं ते लागलेल्या ठोशाचं, असतो-नसतोचं नव्हे.

सरांची पद्धत जुनी. खडूने लांब रेघ ओढायची, एक पाय अलीकडे, एक पलीकडे, खांद्याएवढं अंतर. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. पाय रेघेवर आला की दहा जोर. पुण्याच्या मनोज पिंगळेंचं नाव ते नेहमी घ्यायचे, १९८८ ला सोल ऑलिम्पिकला गेलेले. म्हणायचे, 'तिथवर जायचं तर आधी उभं राहता आलं पाहिजे.' त्या रेघेचा मला मनस्वी कंटाळा होता.

तोल आला तो पुढे, कल्याणला नोकरी लागल्यावर, पंचवटी एक्सप्रेसमध्ये. सातच्या सुमाराला नाशिक रोडला चढायचं आणि बसायला नाहीच मिळायचं. मी पॅसेजमध्ये स्टान्स घेऊन, काही न धरता उभा राहायचो. इगतपुरी सोडली की घाट. दर सदतीस फुटांना एक फूट उतार, त्यात वळणं आणि बोगदे. गुडघे ताठ ठेवले की गेलातच. गुडघे सैल, हनुवटी खाली, वजन दोन्ही पायांच्या मधोमध असलं की धक्का कमरेखालीच जिरतो. परतीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागायची, तेव्हाच्या हिसक्याला सगळा डबा मागे झुकायचा आणि मी जागच्या जागी. पासवाले मला पहिलवान म्हणायचे.

पण खरं सांगायचं तर त्याचाही भरवसा नाही. गाडीत धक्का बाहेरून येतो. रिंगमध्ये माणूस बहुतेक वेळा स्वतःच्याच हुकलेल्या ठोशामागे जातो. म्हणून पॅडपेक्षा शॅडो बॉक्सिंग जास्त करा. पॅड हाताला अडवतो, हवा अडवत नाही. ठोसा जाईल तेवढ्याच वेगाने परत आला पाहिजे, आणि कुणी 'थांब' म्हटलं तर त्या क्षणी दोन्ही पायांवर उभं असलं पाहिजे. हल्ली जिममध्ये रबरी अर्धगोलावर उभं करून पालकांकडून पैसे घेतात. गोलावर उभं राहायला येतं, इतकंच. त्यापेक्षा लोमाचेन्कोच्या बापाने केलं ते बरं. त्याने पोराला बॉक्सिंग थांबवून पारंपरिक युक्रेनी नाच शिकायला पाठवलं, आणि त्या पोराने पुढे दोन ऑलिम्पिक सुवर्णं आणली.

आता माझा भाचा खेळतो. गणपतीत लेझीम खेळून त्याचे पाय असे काही झालेत की ते फुलीत पडतात, सरांनी पाहिलं असतं तर शंभर जोर मारायला लावले असते. आणि पोरगं पडत नाही! स्पारिंगमध्ये मोठ्यांनाही त्याला हलवता येत नाही. हे शिकवून येतं असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो, त्याच्याकडे बघितलं की बोलती बंद होते. तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी त्याच्यासाठी खडूने रेघ ओढतोच. तो म्हणतो, 'मामा, बोअर आहे हे.' आहेच.