तलवारीवर कुत्र्याचं नाव

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात शस्त्रांचं एक दालन आहे. तिथं काचेआड उस्मानी सुलतानांच्या काळातल्या तलवारी मांडल्या आहेत. सहावीतला माझा भाचा एका बाकदार तलवारीपुढून हलेचना. पोलादात बारीक खाचा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवलेली, आणि त्या तारेची सुंदर अक्षरं झालेली!

"मामा, काय लिहिलंय?"

मला कुठं अरबी येतं! पण मी ठोकून दिलं, "शत्रूची मुंडकी उडवा, असं असेल काहीतरी."

त्याला ते पटलं नाही. त्यानं तिथल्या पहारेकऱ्याला खुणेनं विचारलं, तर त्यानंही नकारार्थी मान हलवली. गंमत अशी, की १९२८ साली तुर्कस्ताननं जुनी अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली. त्यामुळे पणजोबांच्या मोडी कागदांपुढं आपली जी गत होते, तीच त्याची. शेवटी भाच्यानं ती अक्षरं चित्रासारखी वहीत उतरवून घेतली.

घरी आल्यावर आम्ही शेजारच्या चाचांकडे गेलो. त्यांना अरबी उत्तम येतं. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, "नस्रुम्-मिनल्लाहि व फत्हुन करीब. देवाची मदत आणि जवळ आलेला विजय. कुराणातलं वचन आहे, ६१व्या अध्यायातलं. 'फत्ह' म्हणजे तुमचं 'फत्ते' बरं का!"

मुंडक्यांचा कुठं पत्ताच नव्हता. मी गप्प बसलो.

चाचांनी मग आणखी सांगितलं. अशा तलवारींवर कधी 'माझा भरवसा देवावर' असं लिहिलेलं असतं, कधी करणाऱ्या कारागिराचं नाव आणि साल. आणि काहींवर असतात काही तरुणांची नावं, सोबत त्यांच्या कुत्र्याचं, कित्मीरचं!

"कुत्र्याचं?" भाचा उडालाच.

गोष्ट अशी. एका जुलमी राजाच्या भीतीनं काही देवभोळे तरुण गुहेत लपले आणि तिथंच झोपी गेले. कुत्रा दारात पाय पसरून बसला. ते जागे झाले तेव्हा ३०९ वर्षं उलटली होती! कुराणात ही गोष्ट आहे, ख्रिस्ती लोकही ती सांगतात. त्या तरुणांची नावं उस्मानी लोक जहाजांसाठीसुद्धा लिहीत.

"पण लढाईच्या तलवारीवर झोपलेल्यांची नावं कशाला?"

"ते सुखरूप उठले ना बेटा, म्हणून," चाचा म्हणाले.

त्यांनी एक कोडंही घातलं. तुम्हीही करून पाहा. नऊ घरांच्या चौकोनात १ ते ९ आकडे असे भरा, की उभी, आडवी, तिरपी, कुठूनही बेरीज १५ यावी. जमलं, की चार कोपऱ्यांत २, ४, ६, ८ हेच आकडे येतात. अरबीत अक्षरांनाही आकडे असतात. ब म्हणजे २, द म्हणजे ४, व म्हणजे ६ आणि ह म्हणजे ८. त्यांचा शब्द होतो 'बुदूह'. तो पात्यावर कोरीत, आणि पत्र नीट पोहोचावं म्हणून पत्रावरही लिहीत!

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ही अक्षरं शत्रूला दाखवण्यासाठीच होती असं नाही. तलवार धरणाऱ्याच्याही पोटात भीती असे. घरी परत यायचं असे त्याला.

भाचा मात्र विचारात पडला होता. "चाचा, समोरच्याच्या तलवारीवर पण हेच लिहिलेलं असलं तर?"

चाचांनी चष्मा काढून पुसला. "असायचं की! १५१४ साली चाल्दिरानला उस्मानी सुलतान सलीम आणि इराणचा शाह इस्माईल लढले. दोघंही एकच कुराण मानणारे. हे फत्तेचं वचन इराणी तलवारींवरही असतं."

"मग देवानं मदत कुणाला करायची?"

त्यावर चाचा काही बोलले नाहीत. मीही नाही. या वेळी मात्र मी काही ठोकून दिलं नाही, एवढं खरं.