काळ मागे सरकतो तेव्हा

गाजलेल्या मालिकेचे दुसरे पर्व म्हणजे बहुधा पहिल्याच्या पुण्याईवर काढलेले दिवस. ‘रात्रीस खेळ चाले’ याला अपवाद ठरली असे आमचे मत आहे. आणि त्याचे श्रेय भुतांपेक्षा काळाच्या हाताळणीला द्यावे लागेल.

२०१६ साली झी मराठीवर आलेले पहिले पर्व अण्णा नाईकांच्या मृत्यूने उघडले. सिंधुदुर्गातल्या वाड्यात जमलेले कुटुंब आणि रोज एक नवा संशय, असा तो मामला होता. रहस्यकथेत उलगडा होईपर्यंत सारी पात्रे संशयित म्हणूनच वावरतात. त्यांच्यातल्या माणसाला फारशी जागा उरत नाही. २०१९ मधले दुसरे पर्व मात्र मागच्या काळात गेले. अण्णा हयात, वाडा भरलेला, शेवंता अजून यायची आहे. अण्णांचा शेवट ठाऊक असल्याने ‘कोणी केले?’ हा प्रश्न गळून पडला आणि ‘हे घर असे होत कसे गेले?’ हा उरला. ईडिपसचे भवितव्य जाणून नाटकाला बसणाऱ्या ग्रीक प्रेक्षकाची अवस्था ती हीच.

आम्ही हे पर्व दहिसरला पाहिले. इथे गणपतीला आणि शिमग्याला गावची वाट धरणारी कोकणी घरे पुष्कळ. ज्याच्या नुसत्या खाकरण्याने पडवीतले बोलणे थांबते असा वडीलधारा त्यांपैकी अनेकांनी पाहिलेला आहे. तरीही माधव अभ्यंकरांचे अण्णा अपूर्वा नेमळेकरांच्या शेवंतेकडे पाहू लागले की हशा पिकत असे, आणि त्या हसण्यात आम्हीही होतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. बीबीसीच्या ‘लाइफ ऑन मार्स’मध्ये (२००६-०७) आजचा पोलीस अधिकारी अपघातानंतर १९७३ सालात जागा होतो, तिथला आडदांड, कायदा धाब्यावर बसवणारा जीन हंट प्रेक्षकांचा लाडका झाला. भूतकाळातला जुलमी माणूस सुरक्षित अंतरावरून रुबाबदार दिसतो. मागे जाणाऱ्या प्रत्येक कथेपुढचा हा धोका आहे.

दुसऱ्या पर्वाला त्यातून वाचवते ती शकुंतला नरे यांची माई. ती वाढते, सोसते आणि सारे जाणून असते. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असल्यामुळे तिचे मौन अधिकच जड होते. पहिल्या पर्वातली माई ही विधवा. ती तशी का वागत होती, याचे उत्तर इथे मागाहून मिळते.

उत्तरार्धात भुताटकी पुन्हा वरचढ झाली आणि दैनंदिन मालिकेला चिकटलेला पाल्हाळही सुटला नाही. पण वाड्यातली खरी भीती जिवंत माणसाची होती, हे या पर्वाने ठामपणे दाखवले. अण्णांवर हसताना आपण माईकडे किती वेळ पाहिले, हे साहित्याच्या अभ्यासकांनी स्वतःला एकदा विचारून पाहावे.