लाल कोणता?

दिवाळीतल्या किल्ल्यावरचा मावळा आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे. अंगरखा एका रंगाचा, पागोटं दुसऱ्या, मिशीला काळ्याची एक रेघ. हा मावळा, एवढं कळलं की त्याचं काम झालं. टेबलावर खेळायच्या ऐतिहासिक युद्धखेळांसाठी धातूचे किंवा प्लास्टिकचे जे बोटाच्या एका पेराएवढे सैनिक रंगवतात, ते याच कुळातले. पण त्यांच्या माथी एक जास्तीची जबाबदारी असते. तो नुसता शिपाई नसतो. तो 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांविरुद्धच्या असईच्या रणात उभा असलेला, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेतल्या 74व्या हायलँडर पलटणीचा शिपाई असतो. इथेच रंगवणाऱ्याची पंचाईत सुरू होते. इतिहासकाराला ‘बहुधा’ लिहिता येतं, ‘असावा’ म्हणता येतं, तळटीप देऊन अंग काढून घेता येतं. ब्रशला ‘बहुधा’ म्हणता येत नाही. बाहीला रंग द्यावाच लागतो, आणि दिला की ते विधान झालं. म्हणजे अंदाज टळत नाही. तो कुठून सुरू करायचा एवढंच आपल्या हातात असतं. बहुतेक जण गणवेशाच्या पुस्तकातलं रंगीत चित्र समोर ठेवून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात कापडापासून आणि ते रंगवणाऱ्या रंगाऱ्यापासून करावी.

ब्रिटिश शिपायाचा कोट लाल, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण लाल कोणता? साध्या शिपायाचं लोकरी कापड मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीच्या मुळांनी रंगवलेलं असे. तो लाल विटेकडे झुकणारा, जरा मातकट. अधिकाऱ्याचा कोट कोचिनील किड्यापासून काढलेल्या महागड्या रंगाचा, खणखणीत शेंदरी-लाल. म्हणजे ‘लाल कोट’ या एका शब्दात दोन रंग आहेत आणि त्यांच्यामध्ये पगाराचं अंतर आहे. पुस्तकातल्या चित्रात दोघेही एकाच डबीतून रंगवलेले दिसतात. पुन्हा ते चित्र बहुतेकदा नियमावर बेतलेलं असतं, आणि नियम म्हणजे शिंप्याला दिलेली ऑर्डर. कापड गोदामातून निघालं तेव्हा कसं होतं हे त्यावरून कळतं. दोन महिने उन्हापावसात वावरल्यावर कसं दिसत होतं हे कळत नाही. वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला ऑगस्टच्या मध्याला घेतला. तिथून असईपर्यंत सहा आठवडे, तेही पावसाळ्यात. रंग साम्राज्याच्या हुकमापेक्षा बाजाराचं जास्त ऐकतो, याचा पुरावा फ्रान्समध्येही सापडतो. ब्रिटिश आरमारामुळे नीळ दुर्मीळ झाली तेव्हा 1806 साली नेपोलियनच्या पायदळाच्या काही पलटणींना निळ्याऐवजी पांढरे कोट देण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी तो प्रयोग गुंडाळला गेला. त्या काळाची पलटण रंगवणारा निळीचा भाव विसरला तर त्याला हे पांढरे कोट निव्वळ हौसेचे वाटतील.

टेबलावर हे सगळं प्रत्यक्ष कसं उतरतं? 28 मिलिमीटरच्या शिपायावर आधी काळपट तपकिरी प्रायमर मारावा. त्यावर लालमध्ये थोडा तपकिरी मिसळून विटेसारखा रंग, तोही पातळ करून दोन हातांत. मग घड्यांमध्ये गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, उतरू द्यावा. वाळल्यावर खांदे, कोपरं, छातीचा फुगीर भाग एवढ्याच जागी उजळ रंग. नवशिक्यांची खरी चूक इथे होते: लाल उजळायला ते पांढरा घालतात आणि शिपाई गुलाबी होतो. लालला उजळायचं ते नारिंगीने, नाहीतर त्वचेच्या फिक्या रंगाने. छातीवरचे तिरपे पट्टे थेट पांढरे करू नयेत. आधी राखाडी, मग दोन्ही कडांना काळसर रेघ राखून मधोमध मळका पांढरा. मांजरपाट दोनदा धुतल्यावर जसा दिसतो तसा. आणि चोवीस शिपायांच्या त्या विटकरी रांगेत एकाच अधिकाऱ्याला शुद्ध शेंदरी-लाल द्यावा. नजर आपोआप त्याच्याकडे जाते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. नियमावली निदान कागद तरी आहे. ऊन, धूळ, विटका रंग ही तुमची कल्पना. कागद टाकून कल्पनेला धरायचं म्हणजे इतिहासाशी खेळ नव्हे का? पण उन्हात कापड विटतं ही कल्पना नाही, आणि नेपोलियनविरुद्धच्या स्पेनच्या मोहिमेत ब्रिटिश शिपायांनी विजारी फाटल्यावर तिथल्याच तपकिरी कापडाच्या शिवून घेतल्या, ही तर नोंदलेली गोष्ट. कागद टाकायचा नाही, त्याच्या कक्षेत ठेवायचा. पलटणीच्या कॉलरचा आणि बाहीच्या पट्टीचा रंग नियमाचाच घ्यावा. 74वीचा पांढरा, त्याच फौजेतल्या 78वीचा फिका बदामी. गंमत अशी की हे दोन्ही जसेच्या तसे दिले तर टेबलावर एकच दिसतात. 28 मिलिमीटर म्हणजे खऱ्या माणसाचा साधारण छप्पन्नावा भाग. तीन फुटांवरून पाहिलेला असा शिपाई म्हणजे सुमारे पन्नास मीटरवरचा माणूस. पन्नास मीटरवरून बटणं दिसत नाहीत, आणि पांढरं-बदामी वेगळं काढता येईलच असं नाही. म्हणून बदामी जरा ओढून पिवळ्याकडे न्यावा लागतो. नियमाला प्रामाणिक राहायचं तर इथे नियमापेक्षा जास्त रंग द्यावा लागतो, हे मान्य करायला पुष्कळांना जड जातं. सावल्यांचंही तसंच. एवढ्याशा घडीत खोलीतला उजेड सावली पाडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. जो रंगवलेली सावली चालवून घेतो, त्याने विटलेल्या कापडाला खोटं म्हणू नये.

दुसरा आक्षेप खेळाडूंचा. प्रत्येक शिपाई वेगळा विटलेला दिसला तर कोणती पलटण कुठे उभी आहे हे समोरच्याला कसं कळणार? हा प्रश्न मराठा घोडदळाशी येतो तेव्हा खरा अवघड होतो. शिलेदार स्वतःचं घोडं आणि स्वतःची हत्यारं घेऊन येई; त्याला गणवेश कुठला? मग रंगवणारे दोन टोकांना जातात. एक तर बाराही स्वारांना एकाच पिवळ्या-भगव्यात बुडवतात, नाहीतर डबीतला एकेक रंग संपवत सुटतात आणि पथकाऐवजी जत्रा उभी राहते. इथेही रंगारीच सोडवतो. नीळ, मंजिष्ठ, हळद, कुसुंबा आणि कोरं कापड, एवढेच रंग घ्यावेत. त्यातही कुसुंबा आणि हळद उन्हाला टिकत नाहीत, म्हणून त्यांना फिकं ठेवावं. नीळ टिकते, तिला गडद राहू द्यावं. कोरं सगळ्यात जास्त. पाच रंगांत बारा माणसं बारा तऱ्हेची होतात, तरी लांबून एक पथक दिसतं. ही शिस्त बाहेरून लादावी लागत नाही, कारण त्या काळच्या बाजारातच ती होती. (चेहऱ्यांचं मात्र वेगळं सांगायला हवं. गोऱ्या शिपायासाठी त्वचेच्या चार छटा आणि हिंदुस्थानी शिपायासाठी ‘तपकिरी’ची एकच डबी, हा आळस आहे; त्याला शैली म्हणू नये.)

आणि शेवटी, हा तर खेळ, एवढा रंगाऱ्याचा विचार कशाला, असं विचारणारेही असतात. खेळापुरतं बोलायचं तर त्यांचं बरोबरच आहे. 1824 साली प्रशियाच्या लष्करात जो युद्धखेळ प्रचारात आला, तो नकाशावर लाल-निळे ठोकळे सरकवून खेळत, आणि त्यात अधिकारी तयार होत. डावपेचांना ठोकळा पुरतो. पण ठोकळ्याऐवजी माणसाच्या आकाराचं काही टेबलावर ठेवायचं ठरवलं, तर तो माणूस कुठून चालत आला आणि त्याच्या अंगावरचं कापड कुणी रंगवलं, हा प्रश्न आपणच ओढवून घेतलेला असतो. असईत कंपनी सरकारच्या फौजेचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, आणि समोरच्या शिंदे-भोसल्यांच्या फौजेतही पुष्कळ माणसं पडली. त्यांना चकचकीत, आत्ताच इस्त्री केलेल्या कोटात उभं करणं मला तरी बरं वाटत नाही.

अजून एक. हिंदुस्थान म्हटलं की शिपायाच्या बेसवर पिवळी वाळू चिकटवण्याची पद्धत पडून गेली आहे. असई जालना जिल्ह्यात आहे, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात. वेलस्लीची फौज केळणा ओलांडून रणात उतरली, तेव्हा पावसाळा जेमतेम सरत होता. त्या शिपायांच्या पायाखाली काळी माती हवी, आणि तिचेच डाग विजारीवर गुडघ्यापर्यंत.